थोरला टाळतोय का

ही गोष्ट तळ्यावर कुणी सांगत नाही. सांगू नये असे ठरलेच आहे, कारण सांगितली की भांडण होते. म्हणून ती इथे हळूच सांगितलेली बरी.

एक तळे होते, आणि त्या तळ्यावर बऱ्याच दिवसांत कशाचाच निकाल लागला नव्हता.

तळ्याच्या मधोमध एक सपाट बेट होते. थंडीत सकाळचे धुके उतरले की त्या बेटावर रानरेड्यांची झुंज व्हायची. जो जिंकेल त्याला बेटाशेजारचा काळा, गार, लोण्यासारखा मऊ चिखल मिळायचा. त्याला मानाचा चिखल म्हणत. त्यात फक्त विजेत्याने लोळायचे, बाकीच्यांनी काठावरच्या साध्या चिखलात. जिंकलेला रेडा तो चिखल अंगावरून कधी धुऊन काढत नसे. चिखल वाळे, त्याला भेगा पडत, तरी तो तसाच मिरवत असे.

झुंज मात्र कधी कुणाला दिसलेली नव्हती. धुकेच इतके दाट असायचे. पक्षी दोन्ही काठांवर बसून ती ऐकायचे. शिंगाला शिंग लागल्याचा आवाज, पाण्यात खूर फिरल्याचा आवाज, आणि शेवटी एकट्याचाच लांब श्वास. धुके विरले की बेटावर कोण उभा आहे ते कळायचे. मग सगळे उडून आपापल्या कामाला जायचे.

मानाच्या चिखलात आता थोरला बसलेला होता. त्याला खाली पाडू शकेल असा कुणी आजवर आला नव्हता. पण लव्हाळ्यात भुरा नावाचा एक तरणा रेडा वाढला होता. दोन थंड्या त्याने धुके पडले की लव्हाळ्याच्या तोंडाशी येऊन डुरकी फोडली होती. रीत अशी, की चिखलातल्याने उलट डुरकी द्यायची आणि उठायचे. थोरल्याने डुरकी दिली नव्हती. तो उठलाही नव्हता.

तेव्हापासून तळ्याला दोन काठ पडले. काठ आधीही दोनच होते, पण आता ते मोजले जाऊ लागले. उगवतीच्या काठावरचे म्हणत, थोरला टाळतोय. मावळतीच्या काठावरचे म्हणत, थोरला थांबलाय.

उगवतीला राखोबा नावाचा म्हातारा राखी बगळा पुढे होऊन बोलायचा, तर मावळतीला खंड्या.

“दोन थंड्या झाल्या!” राखोबा पाण्यावरून ओरडायचा. “भुरा घसा फोडून बोलावतोय आणि तुमचा पहिलवान चिखलाचा लेप लावून पडलाय!”

“त्याच्या खुराला लागलं होतं!” खंड्या उलट ओरडायचा.

“खुराला बरं नेमकं धुकं पडलं की लागतं!”

“आणि तुमच्या भुऱ्याने लोळवलंय तरी कुणाला? एक लंगडा आणि एक आजारी!”

“तुमच्या थोरल्याने काय केलं? सगळे दमलेले निवडून निवडून घेतले!”

“निवडून घ्यायला ते काय खेकडे आहेत?”

यावर दोन्ही काठ हसायचे, आणि हसून झाले की पुन्हा तिथूनच सुरू करायचे.

तळ्याच्या निमुळत्या टोकाला, जिथे दोन्ही काठ एकमेकांना चिकटतात, तिथे एक बाभूळ होती. तिच्यावर सावरी नावाच्या लहान बगळीचे घरटे होते. सावरी बोलायची कमी. काही सांगायचे झाले की शब्द तिच्या लांब मानेतून वर येता येता मध्येच कुठेतरी बसून राहायचे. पण तिला दिसायचे खूप. कुणाची पिसे कधी फुगतात, कोण हसताना पाण्याकडे बघते, हे सगळे तिच्या नजरेतून सुटत नसे.

एका सकाळी तिच्या बाबांनी, मानकूने, बेडूक अर्धा गिळून सहज म्हटले होते, “यंदाही नाही उठायचा बघ तो.”

“उठेल,” आई म्हणाली. आईचे नाव चांदवी.

“घाबरलाय तो.”

“घाबरलेला असा बसतो होय? शांत बसलाय.”

“शांत आणि घाबरलेला लांबून सारखाच दिसतो.”

“तुम्हाला दिसत असेल.”

एवढेच बोलणे झाले होते. पण दुसऱ्या दिवशी बाबा उगवतीच्या काठावर गेले, तिकडचे काय म्हणतात ते जरा ऐकायला. आईने वाट पाहिली आणि मग ती मावळतीला गेली. काही दिवस दोघे झोपायला घरट्यात यायचे. नंतर तिकडेच राहू लागले, कारण वाद उजाडल्याबरोबर सुरू व्हायचा आणि पहिला टोमणा चुकवून चालत नसे.

सावरी दोन्हीकडे जाऊन यायची. घरट्याच्या काड्या एकेक करून निसटत होत्या. एकटीने तिने त्या पुन्हा खोचून पाहिल्या, पण घरटे दोघांच्या वजनाने घट्ट बसते, एकटीच्या नाही. आता खालून पाणी दिसू लागले होते.

तिने मनाशी हिशेब मांडला होता. झुंज झाली, की कुणीतरी एक खरे ठरेल. कुणी खरे ठरले, की बोलायला काही उरणार नाही. आणि बोलायला काही उरले नाही, की आईबाबा घरी येतील. थोरला जिंको नाहीतर भुरा, तिला काही फरक पडत नव्हता. पण हे कुठल्याच काठावर बोलून दाखवण्यासारखे नव्हते.

म्हणून एका दुपारी ती सरळ मानाच्या चिखलापाशी गेली आणि थोरल्याच्या शिंगापासून हातभर अंतरावर उतरली. जवळून तो एखाद्या टेकडीसारखा दिसत होता. पाठीवरच्या वाळक्या चिखलाच्या भेगांतून मुंग्या ये-जा करत होत्या.

“थोरले,” ती म्हणाली, आणि पुढचे शब्द नेहमीप्रमाणे मानेत बसले.

“बोल की,” थोरला म्हणाला. “एवढ्या लांबून आलीस ती काय मुंग्या बघायला?”

“तुम्ही... उठणार का?”

थोरल्याने बराच वेळ रवंथ केले. पाण्यावर ढगांच्या सावल्या इतक्या हळू सरकत होत्या, की तळेच ढगांखालून सरकते आहे असे वाटत होते.

“झुंज श्वासावर चालते, पोरी,” तो शेवटी म्हणाला. “धुक्यात समोरचा दिसत नाही. तो ऐकावा लागतो. त्यासाठी तळं गप्प लागतं. पूर्वी धुकं उतरलं की सगळे आपोआप गप्प व्हायचे. आता बघ.”

दोन्ही काठांवरून कलकलाट येत होता. राखोबा काहीतरी म्हणाला होता आणि खंड्याकडचे पंख आपटून आपटून हसत होते.

“तळं गप्प झालं की मी उठेन,” थोरला म्हणाला.

सावरीने मान हलवली. पण तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. कलकलाट वाढला तसे थोरल्याचे ताठ कान सैल पडले होते, आणि तो पुन्हा रवंथ करू लागला होता. जाताना ती लव्हाळ्यावरून उडाली, तेव्हा भुराही तिला दिसला. तो सावलीला पडला होता. त्याचेही कान सैलच होते.

हे तिने कुणाला सांगितले नाही. झुंज व्हायला हवी होती आणि ती कशी होईल ते कळले होते, तेवढे तिला पुरे होते. ती आधी उगवतीला गेली.

“काका,” ती राखोबाला म्हणाली, “थोरले म्हणतात, तळं गप्प झालं की ते उठतील.”

क्षणभर काठ खरेच गप्प झाला. मग राखोबा म्हणाला, “वा! नवीन कारण! खूर झाला, आता कान!”

सगळा काठ खदखदला.

“भुलवलं गं तुला त्याने,” बाबा तिच्याजवळ येत म्हणाले. त्यांनी चोचीने तिच्या पंखावरचे शेवाळ हळूच काढले. “आणि गप्प आम्हीच का म्हणून? तिकडच्यांना कर आधी. तुझ्या आईला जमतंय का विचार.”

मावळतीला खंड्या म्हणाला, “बघा, आम्ही म्हणत नव्हतो? तो तयारच आहे! हेच गप्प बसत नाहीत!” आणि हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की पलीकडून लगेच उत्तर आले.

“आई, आपण आधी गप्प बसलो तर?” सावरीने विचारले.

“आपण गप्प बसलो तर त्यांना वाटेल आपल्याला पटलं,” आई म्हणाली. “बाबांना सांग, एक सकाळ तोंड मिटून दाखवा. संसारात एकदाही जमलेलं नाही.”

सावरी निरोप घेऊन जात राहिली आणि निरोप घेऊन येत राहिली. आता वादाला नवे पान फुटले होते. शांतता हे कारण आहे की सबब, यावरही दोन बाजू पडल्या.

मग एका सकाळी त्या थंडीतले सगळ्यात दाट धुके उतरले. लव्हाळे गेले, बाभूळ गेली, पाणी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते तेही गेले. लव्हाळ्याच्या बाजूने भुऱ्याची डुरकी आली. थोरल्याकडून काहीच आले नाही. “झालं! पुन्हा तेच!” असे एक काठ म्हणाला, आणि दुसऱ्याने त्याला उत्तर दिले.

सावरी तेव्हा उगवतीहून मावळतीला निघाली होती. वाटेत तिचे पंख दवाने जड झाले. दोन्हीकडून आवाज येत होते, पण धुक्यात ते सगळीकडूनच येतात. ती खाली खाली येत गेली आणि पायांना गवत लागले तिथे बसली. ते बेट होते.

काही वेळाने वादाच्या मधोमध बाबांनी हाक दिली, “सावरी पोचली ना गं तिकडे?”

“इकडे?” आईचा आवाज आला. “ती तुमच्याकडेच होती ना?”

“कधीच निघाली इथून!”

राखोबा आणि खंड्या अजून बोलत होते. तेवढ्यात आई कधी नव्हे इतक्या मोठ्याने ओरडली, “गप्प बसा सगळे! माझी पोर धुक्यात आहे!”

“गप्प!” पलीकडून बाबाही ओरडले. “ऐकू द्या!”

आणि तळे गप्प झाले.

ती शांतता अशी होती की दव पडल्याचे ऐकू यावे. सावरीला कळले, सगळे आपल्यालाच ऐकताहेत. तिने “मी इथे आहे” म्हणायला मान वर केली, आणि तेवढ्यात चिखल सुटल्याचा मोठा, ओला आवाज झाला. थोरला उठत होता. दुसऱ्या बाजूने लव्हाळे मोडले आणि पाण्यात खूर पडले.

शब्द मानेत आले होते. एक शब्द उच्चारला की शांतता मोडली असती, झुंज थांबली असती, राखोबा राखोबाचे बोलला असता आणि खंड्या खंड्याचे, आणि घरट्याच्या उरलेल्या काड्याही पाण्यात गेल्या असत्या. नाही उच्चारला तर ते दोघे तिच्यावरूनच जाणार होते. सावरीने तो शब्द गिळला. तिने पंख अंगाशी घट्ट धरले आणि ती होता येईल तितकी लहान झाली.

खूर बेटाला लागले. जमीन थरथरू लागली. धुक्यात एका बाजूला काळे काहीतरी दाट होत गेले, मग दुसऱ्या बाजूला.

तेव्हाच तिला पंखांचा आवाज ऐकू आला. एका बाजूने आणि दुसऱ्याही बाजूने, चाचपडत, खाली वर होत. कुणीही हाक मारत नव्हते, कारण दोघेही अजून तिचाच श्वास ऐकत होते. बाबा तिच्या उजवीकडे गवतात आदळले. आई डावीकडे. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. आईने पंख पसरून तिच्यावर धरला, आणि त्याच वेळी बाबांनीही धरला, आणि ते पंख वरती एकमेकांत अडकले.

त्या पंखांमधल्या फटीतून सावरीने पाहिले. दोन डोकी, खाली घातलेली, इतकी जवळ की त्यांच्या श्वासाने गवत दोन्ही बाजूंनी वाकत होते. आणि तिने तो क्षण पाहिला, जो तळ्यावर आजवर कुणीच पाहिला नव्हता. एक खूर हवेतच थांबला. त्यानंतर दुसरा.

थोरला आपल्या वाटेने वळला आणि भुरा आपल्या. धुके पातळ होऊ लागले तसे आईबाबा उठले आणि बाभळीकडे उडाले, पुढेमागे नाही, शेजारी शेजारी. सावरीचे पंख अजून ओले होते, म्हणून ते वाळेपर्यंत ती बेटावरच राहिली.

धुके विरले. बेटावर एकही रेडा उभा नव्हता. दोन्ही काठ बेटाकडे बघत राहिले, आणि मग असा गलका उठला की पाण्यावर लहरी आल्या.

“थांबला! बघा, थांबला!”

“कोण थांबला? तुमचाच थांबला!”

“आधी कोण थांबलं?”

“अरे, ती पोरगी होती ना तिथे!”

राखोबा उडत आला आणि सावरीसमोर उतरला. त्याच्या मागोमाग खंड्या आला. इतक्या दिवसांत ते दोघे पहिल्यांदाच एका गवतावर उभे होते. त्यांच्यामागे दोन्ही काठांवरचे सगळे बेटाभोवती जमले.

“बाळ,” राखोबा मऊ आवाजात म्हणाला, “तू पाहिलंस. तू एकटीनेच.”

“घाबरू नकोस,” खंड्या म्हणाला. “फक्त नाव सांग. आमचं तेवढ्यावर भागेल.”

सगळे तळे तिच्या चोचीकडे पाहत होते. सावरीने मान वर केली. शब्द या वेळी कुठेही अडकला नाही, तो अगदी वरपर्यंत आला होता.

“मी पाहिलं,” ती म्हणाली. “दोघं खूप जवळ आले होते. तेव्हा आधी जो थांबला, तो—”

“सावरी!” बाभळीवरून हाक आली. एकाच फांदीवरून, दोन आवाजांत. “ये गं आता. आणि येताना एक काडी घेऊन ये, इथे खालचं सगळं उघडं पडलंय!”

सावरीने एकदा सगळ्यांकडे पाहिले. मग ती वाकली, वाकलेल्या गवतातली एक लांब, चांगली काडी तिने निवडली, आणि ती चोचीत घट्ट धरली.