कॉलेजचे चार जिने

परदेशात शिकून आलेल्या आर्किटेक्ट केतकीला वाटलं होतं, तालुक्याच्या गावात तिने संगणकावर उभ्या केलेल्या कॉलेजच्या इमारतीला लोक हसतील. हसलं कोणीच नाही, कारण बघितलंच कोणी नाही. कॉलेज बांधून घेणारे अध्यक्ष आबासाहेब खर्डेकर साइटवर यायचे, काठी रोखायचे आणि म्हणायचे, "जिना इथं नको, तिथं करा." की झालेला जिना फुटायचा.

वर्ष उलटलं. विश्वस्तांच्या बैठकीत आबासाहेब कडाडले, "काम रखडलंय! ठेकेदाराला हाकला. आणि बाई, तुमचं ते कार्टून काय कामाचं?"

ठेकेदार घामाघूम झाला. केतकीने पडद्यावर इमारत उघडली. फोडलेले तीन आणि उभा असलेला एक, असे चार जिने झळकले. प्रत्येकावर तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. चारही ठिकाणी आबासाहेब.

"काम रखडलेलं नाही, आबासाहेब," ती म्हणाली. "चारही जिने वेळेत झालेत. कॉलेजला एकच लागतो, एवढीच अडचण आहे."

विश्वस्त खो-खो हसले. ठेकेदार टिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबासाहेबांचा फोन. "पोरी, तो जिना जरा डावीकडं..."

केतकीने तिथल्या तिथं बाकीच्या विश्वस्तांचा फोनवर होकार घेतला आणि संगणक नेऊन आबासाहेबांच्याच टेबलावर ठेवला. "इथं हवे तेवढे जिने फोडा, आबासाहेब. साइटवरचा हातोडा आता विश्वस्तांच्या सहीशिवाय उठायचा नाही."