साडीगार्डचा संताप

माणसांची पाठ वळताच गॅरेजातल्या वस्तू बोलू लागत, तेव्हाची ही गोष्ट.

दिगंबरने वडिलांच्या माघारी त्यांची जुनी मोटारसायकल नव्याने सजवली. मागची सीट काढली, मडगार्ड कापला आणि आईचा पदर तीस वर्षं चाकापासून सांभाळणारा साडीगार्ड भंगारात फेकला.

"कशी दिसते मी?" मोटारसायकलने आरशात बघत विचारलं. "आज गाड्यांच्या प्रदर्शनात सगळे बघतच राहतील!"

भंगारातला साडीगार्ड भडकला. "बघतील गं, पण बसणार कोण? मडगार्ड छाटला, आता चिखल थेट दिगंबरच्या पाठीवर! हँडल इतकं खाली, की नाक्यापर्यंत जाईतो त्याची कंबर धरेल. याला सजवणं म्हणतात? हे तर सोलणं झालं!"

"जळतोस मेल्या," ती फणकारली.

तेवढ्यात दिगंबरची आई आली. नवऱ्याच्या गाडीवर बसून जायचं म्हणून तिने ठेवणीतली इरकल नेसली होती. ती गाडीभोवती दोनदा फिरली. सीट होती तिथल्या उघड्या पत्र्यावर तिने हात ठेवला.

"छान झालीय रे," ती म्हणाली. "तू हो पुढं. मी रिक्षानं येते."