थोडं आणि थोडंच

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा होता, कमळजा नावाची त्याची राणी होती. कोठारं भरलेली, विहिरी तुडुंब, कशाला काही कमी नव्हतं. एके दिवशी भरदुपारी, पंगती उठल्यावर एक मांत्रिक दारी आला. "अन्न वाढा," म्हणाला. राजाने पातेल्यात डोकावून पाहिलं नि म्हणाला, "थोडंच आहे, बाबा."

मांत्रिकाचे डोळे पेटले. "थोडंच? तुझा शब्द तुला फळो! तुझ्या राज्यात सगळं थोडंच उरो!"

झालं! त्याच घटकेला विहिरी तळाला गेल्या, कोठारांत मूठ-मूठ दाणे राहिले, नि राजा पलंगावर कोसळला. श्वासही थोडाच. वैद्य आले, माना हलवून गेले.

राणी रडली नाही. देवापुढे सुपारी ठेवून तिने नेम धरला: उतारा मिळेपर्यंत एकभुक्त राहीन, मागे वळणार नाही. तोच अंगणातली साळुंकी बोलली, "राणीसाहेब, सात डोंगर ओलांडलेत की मांत्रिकाची गुहा. वाटेत तीन जागी तीन प्रश्न. शब्द चुकला की माणसाचा दगड होतो."

"तू येतेस?"

"वाट दाखवते. शब्द मात्र तुमचा तुम्हालाच निवडावा लागेल."

राणीने सात डोंगरांच्या सात भाकऱ्या बांधल्या नि निघाली.

पहिल्या जागी राक्षसीण हंडाभर आमटी ढवळत बसली होती. "मीठ किती घालू? चाखायचं नाही हं!" एक राजपुत्र चिमूटभर म्हणाला होता, दुसरा ओंजळभर. दोघे चुलीशेजारी दगड होऊन पडले होते. राणीने उकळी पाहिली, वास घेतला. देवाचा नैवेद्य कुठे कुणी चाखून रांधतं? "मूठभर," ती म्हणाली, "पण मूठ सैल."

राक्षसिणीने मीठ घातलं, भुरका मारला. "अगबाई! सासू खमकी दिसते तुझी. जा पुढे."

दुसऱ्या जागी नाग आडवा पडला होता. "माझी भीती किती वाटते? खोटं बोललीस तर संपलीस." तीळभरही नाही, असं सांगणारे शूर तिथेच दगड होऊन उभे होते, हातात तलवारी तशाच. राणी जागची हलली नाही. "पोटभर वाटते, नागराजा. पण पाऊल मागे घेण्याइतकी नाही."

नागाने फणा खाली केला, वाट दिली.

गुहेत मांत्रिक बसला होता. पुढ्यात एक पणती मिणमिणत होती. "हा तुझ्या नवऱ्याचा जीव. तेल किती आहे, सांग. म्हणशील तो शब्द त्याला फळेल. खोटं बोललीस, तर फुंकर घालीन."

राणी वाकली. तळाशी एक थेंब. भरपूर म्हणावं तर खोटं. थोडंच, हा शब्द पार जिभेच्या टोकावर आला. तिने ओठ घट्ट मिटले. सैपाकघरात वाढलेल्या बाईला ठाऊक असतं: भांडं तेच, अन्न तेच. झाकून ठेवायचं असलं की ते थोडंच असतं, वाढायचं असलं की थोडं असतं.

"थोडं आहे," राणी म्हणाली.

"शब्दांशी खेळतेस? थोडं नि थोडंच, फरक काय गं त्यात?"

राणीने शिदोरी सोडली. सातवी भाकरी, शेवटची. सकाळपासून तिच्या पोटात पाण्यावाचून काही नव्हतं. तिने भाकरी मोडली, मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. "थोडं आहे, महाराज. दोघांना पुरेल. बसा."

मांत्रिकाने तुकडा हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी एवढंही चाललं असतं गं मला." आणि जेवू लागला. घासागणिक पणतीतलं तेल चढत गेलं, काठाला आलं. बाहेर दगड अंग झाडून उठले. राजपुत्रांना राक्षसिणीने आमटी वाढली, शूरांनी तलवारी म्यान केल्या.

राणी परतली तेव्हा विहिरींवर रहाट कुरकुरत होते, कोठारांची दारं दाण्यांमुळे लोटता येत नव्हती. राजा उठून बसला होता, मान खाली घालून.

"तो पुन्हा दारी आला, तर काय म्हणू गं?"

"काही म्हणू नका," राणी म्हणाली. "पाट मांडा."

जसा त्यांच्या घरचा घास पुरला, तसा सांगणाऱ्याच्या नि ऐकणाऱ्याच्या घरचा पुरो.