दोरीवरची पहिली जागा

कोंडवेळच्या किनाऱ्यावर आता होड्यांपेक्षा आरामखुर्च्या जास्त. जिथे मासळी वाळायची तिथे झोपाळे टांगलेत आणि पाहुणे त्यांत सोलकढी पीत सुशेगाद पडलेले असतात. संध्याकाळी मात्र रापण लागते. होडीने समुद्रात गोल टाकलेले लांबलचक जाळे माणसे किनाऱ्यावरून दोरीने ओढतात. पाहुणेही हात लावतात. फोटो निघाला की त्यांची हौस फिटते. पण दोरीवरची पाण्यालगतची पहिली जागा मोकळी असते. तिथे कुणी सरसावलेच, तर म्हातारे दाजी मेतर त्याला हलकेच मागे घेतात. "थंय नको. तुमी मागे रवा." आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी इथे जानू नावाचा तांडेल होता, म्हणे. रापणीचा म्होरक्या. दोरी ओढायची की सोडायची, सगळे त्याच्या शब्दावर. एकदा त्याचा मुलगा बाबलो होडी घेऊन जाळे टाकायला गेला आणि अवचित झड आली. समुद्र दिसेनासा झाला. होडी उलटल्याचे किनाऱ्यावर कुणाला कळलेच नाही. कळले ते एवढेच, की दोरी जड झाली आणि हलेना.

जाळे खडकात अडकले की दोरी सैल सोडायची, नाहीतर ते फाटते. ही रापणीची बाराखडी. जाळे नवे होते, सगळ्या वाडीचे पोट त्यावर. जानू म्हणाला, "खडकार लागला. सैल सोडा."

पहिल्या जागेवर त्याची बायको भागी होती. ती म्हणाली, "दगड असो उलटो वढत नाय. माझो झील आसा थंय."

जानूला वाटले, आईचे काळीज, उगीच घाबरते. त्याने पुन्हा तेच सांगितले. तांडेलाचा शब्द कोण मोडणार? सगळ्यांनी दोरी सोडली. भागीने ती कमरेला गुंडाळून गाठ मारली, आणि समुद्राने तिला ओढून नेले. तेव्हा कुठे जानूचे डोळे उघडले. त्याने सुटत चाललेले टोक पकडले, माणसे परत धावली आणि ओढू लागली.

बऱ्याच वेळाने बाबलो दोरी धरत धरत बाहेर आला. "आयेन माका फुडे ढकलल्यान," तो म्हणाला. "ती खय आसा?"

उरलेली दोरी ओढली. कमरेचा वेढा तसाच होता, गाठही तशीच. आत कुणी नव्हते.

त्यानंतर जानूने 'सैल सोडा' हे शब्द कधी उच्चारले नाहीत.

आजही कोंडवेळला जाळे अडकले तरी दोरी सोडत नाहीत. फाटले तर फाटू देतात, मासळी गेली तर जाऊ देतात, आणि कुणी कुणाला बोल लावत नाही. जाळे आले, होडीतली माणसे वर आली, की सगळे दोरीवरचे हात काढतात. पाहुणे हसत आपापल्या खुर्च्यांकडे वळतात. पण पहिल्या जागेवरची दोरी वाळूवर पडत नाही, असे सांगतात. ती कमरेइतक्या उंचीवर ताठ राहते. मग दाजी पाण्यापर्यंत जातात आणि हळूच म्हणतात, "सोड गो आये. सगळे इले."

तेव्हा ती खाली पडते.