बैलाची ताकद

औशाजवळच्या एका गावात भुजंगराव पाटलांचा मोठा दरारा होता. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "रोजचं मटण बंद करा. त्याऐवजी डाळी, सोयाबीन खा."

अठरा वर्षं त्यांचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या गयाबाईनं मन लावून सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला. पण पाहुण्यांसमोर ताट येताच भुजंगराव कडाडले, "सोयाबीन? हे तर माझ्या गोठ्यातले बैल खातात! मला बैल समजलीस काय? उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

पाहुण्यांचे घास हातातच राहिले. गयाबाईनं मात्र मान खाली घातली नाही.

"मालक, तुमचा बैल सोयाबीन खाऊन दिवसभर नांगर ओढतो. तुम्ही आज माडीवर येताना सात पायऱ्यांत तीनदा थांबलात. मग तुम्हाला बैल कसं समजू? आधी तेवढी ताकद तरी येऊ द्या!"

भुजंगराव खदखदून हसले आणि ताट पुढे ओढत म्हणाले, "वाढ गं. आणि उद्या जरा लवकर ये."

गयाबाईनं ताठ मानेनं वाटी काठोकाठ भरली.