गव्हाळीची दुपारची घंटा

गव्हाळीत घंटा देवळात नाही. ती गावकुसाच्या बुरुजावर, खाली ओढ्याकडे तोंड करून टांगलेली आहे. रोज भर दुपारी, पूजा नसते, आरती नसते, अशा वेळी ती एकदा वाजते. तिचा दोर लोकरीचा आहे. आणि या गावचा नवरदेव लग्नात डोक्याला काही बांधत नाही, उघड्या डोक्यानेच बोहल्यावर चढतो.

शाळेची मुले सहलीला आली की ती घंटा वाजवणारे सदूआप्पा गुरव त्यांना बुरुजाच्या सावलीत बसवतात. "पराक्रम तुमच्या पुस्तकात वाचलाय," ते म्हणतात. "आमच्याकडं आहे ती लाज. तीही ऐकून जा."

पेंढाऱ्यांच्या धामधुमीचा तो काळ होता, असे सांगतात. गव्हाळीला तट होता. ओढ्यापलीकडच्या खांडवाडीला, धनगरांच्या वीस घरांना, काटेरी कुंपणाशिवाय काही नव्हते. तेव्हा दोन्ही गावांनी मिळून करार केला. वाडीने घरटी एक पितळेचे भांडे द्यायचे, त्याची घंटा ओतायची. पेंढाऱ्यांच्या घोड्यांची धूळ दिसली की गव्हाळीने ती वाजवायची आणि वेस उघडायची, वाडीने पळत वर आत यायचे. वाडीने भांडी दिली. काही घरांत पाणी प्यायला मडकेच तेवढे उरले म्हणे.

घंटेवर रखमाजी गुरव होता. एका दुपारी त्याला माळावर धूळ दिसली. त्याने दोर धरला, तोच पाटील धापा टाकत बुरुजावर आले.

"दोर सोड, रखमाजी. घंटा वाजली की धूळ इकडं वळंल. आपली धान्याची पेवं भरल्यात."

"पाटील, खाली माणसं हायेत."

"आन् हितं काय मेंढरं हायेत?"

एवढे बोलून पाटलांनी डोईचे पागोटे उतरवले आणि घंटेच्या लोलकाला गुंडाळले. वाऱ्यानेसुद्धा ती किणकिणू नये म्हणून. पागोट्याचे टोक त्यांनी रखमाजीच्या हातात दिले. रखमाजीला ते फेकता आले असते, दगड उचलून घंटेवर हाणता आला असता. त्याने गाठ मारली. धान्याच्या पोत्याला मारतात तशी, पक्की.

धूळ वाडीवर गेली. गव्हाळी तटामागे गप्प बसून धूर बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी वाडीतून बायजाक्का चढ चढून वर आली. तिचा नवरा गेला होता, कळप गेला होता, दोन्ही हात पोळले होते. तिच्या खांद्यावर लोकरीच्या नव्या दोराचे वेटोळे होते.

"रखमाभाऊ, दोर तुटला न्हवं? मागंच मला त्यो इरलेला दिसला व्हता. ह्यो घ्या. सात पिढ्या न्हाई तुटायचा."

त्या पोळलेल्या हातांनी तिने दोन दिवस तो दोर वळला होता.

मागून पाटील घाईघाईने म्हणाले, "व्हय, तुटलाच बघ बायजाक्का." आता रखमाजीने नुसती मान हलवायची होती. गावाची अब्रू राहिली असती, त्याची स्वतःचीही. पण त्याची नजर तिच्या हातांवरून हलेना. तो तिला घंटेखाली घेऊन गेला.

बायजाक्काने वर पाहिले. लोलकावर पागोटे तसेच होते.

"गाठ कुनाची?"

"माझी."

"मग तूच सोड."

गाठ सुटता सुटेना. त्याने दातांनी सोडवली. पागोटे खाली पडले, ते पाटलांनी उचलले नाही. बायजाक्काने आपला दोर स्वतः बांधला आणि म्हणाली, "वाजव."

रखमाजीने घंटा वाजवली. आणि खाली ओढ्यापलीकडे हालचाल झाली. जळक्या वाडीत जे उरले होते ते बाहेर आले. लेकरे काखेला, बोचकी डोक्यावर, म्हातारे पाठुंगळीला घेऊन, धापा टाकत चढाने वर पळत आले. घंटा झाली म्हणजे पळायचे, असे ठरले होते ना! वेस उघडीच होती. आत गव्हाळी उभी होती आणि एकालाही मान वर करता येत नव्हती.

त्या दिवसापासून पाटलांनी डोक्याला काही बांधले नाही. मग गावानेही सोडले. वाडी पुन्हा उभी राहीपर्यंत गव्हाळीची पेवं तिच्यासाठी उघडी राहिली, असेही सांगतात. पण त्याने झाले ते पुसले गेले, असे कुणी सांगत नाही.

गोष्ट इथे संपते. एकदा एक मुलगी उठून म्हणाली, "आजोबा, तुम्ही असतात तर वाजवली असतीत?"

सदूआप्पांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. रखमाजी त्यांचाच पूर्वज.

"ठाऊक नाही, बाळ. म्हणून तर रोज बघतो, हात उठतो का ते."

आजही दरवर्षी, जुना दोर तुटला नसला तरी, गव्हाळीचा माणूस अनवाणी खांडवाडीत जातो आणि नवा दोर मागतो. वाडी देते. आजही दुपारी घंटेचा एकच टोल ओढ्यावरून जातो आणि खालून कुणीतरी हाळी देते, "ऐकलं गाऽऽ!"

ती हाळी येईपर्यंत सदूआप्पा दोर सोडत नाहीत.