घुंगुरमाळा आणि गाडीचा कणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रस्ते म्हणजे बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या होत्या आणि बैल माणसांशी बोलायचे. आता का बोलत नाहीत, म्हणून मला मध्येच विचारू नका. गोष्ट पुरी ऐका, तुमचं तुम्हालाच कळेल.

एक होता कासार आणि एक त्याची कासारीण. दोघं गावोगाव बांगड्या भरत हिंडायची. त्यांचं घर म्हणजे त्यांची गाडीच. वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, आत अंथरूण, भांडीकुंडी आणि बांगड्यांच्या माळा. कासाराला या गाडीचा केवढा अभिमान. जत्रेत गाडी शिरली की पोरंटोरं मागे धावायची आणि हा बसल्या जागी मिशीला पीळ द्यायचा.

एके वर्षी दिवाळी सरता सरता घाटापलीकडून निरोप आला. तिकडे कासारिणीची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेली, तेव्हा या थोरलीनेच धाकटीला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. तिचा निरोप असा होता, "डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललंय गं. दिसतंय तोवर ये. एकदा तुला डोळे भरून बघू दे."

कासारिणीने त्याच दिवशी बहिणीसाठी बांगड्या निवडल्या. मोरपंखी, बहिणीच्या आवडत्या रंगाच्या. त्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवल्या आणि गाडी निघाली.

वाटेत गाडी कुरकुरू लागली. दोन चाकांना जोडणारा बाभळीचा कणा जुना झाला होता आणि त्यावरचं वंगणही सुकलं होतं. कासारीण म्हणाली, "अहो, पुढच्या गावात सुताराला दाखवू या. मला हा आवाज काही बरा वाटत नाही."

"जुनी गाडी आहे, कुरकुरणारच," कासार हसून म्हणाला. "तू नाही का कुरकुरत?"

तीही हसली, पण मनातून नाही.

दुसऱ्या दिवशी जोडीतला एक बैल म्हणाला, "धनी, मानेवर ओढ वाढलीय. कणा कुठेतरी तडकलाय. वंगण तरी घाला."

"तुला चालायचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही," कासार म्हणाला.

शहाणा माणूस अशा वेळी खाली उतरून बघतो. पण वाटेत जत्रेचं गाव होतं आणि याला गाडी मिरवत न्यायची होती. कुरकुरत गेली तर लोक काय म्हणतील? मग या शहाण्याने काय करावं? बाजारातून घुंगुरमाळा आणल्या आणि दोन्ही बैलांच्या गळ्यात बांधल्या. आता गाडी चालली की असा काही नाद घुमायचा, की कुरकुर ऐकूच येईना.

"झाली की नाही दुरुस्त?" असं वर बायकोला विचारलं.

जत्रेत लोकांनी वाहवा केली. कासारीण पुन्हा पुन्हा काहीतरी सांगू बघत होती, तेही त्या घुंगरांत बुडालं. मग तिने सांगायचंच सोडून दिलं.

घाटाच्या पायथ्याशी कणा मोडला. गाडी एका अंगावर कलंडली आणि बांगड्यांचा खच पडला. कासारिणीने आधी ते फडकं चाचपलं. मोरपंखी बांगड्या तेवढ्या शाबूत होत्या.

कासार जवळच्या गावातल्या सुताराकडे धावला. सुताराने मोडका कणा उलटापालटा करून पाहिला. "कुरकुरत होता तेव्हा आणायचात ना," तो म्हणाला. "पट्टी मारून, वंगण घालून उभ्या उभ्या दिला असता. आता नवा करावा लागेल. बाभूळ तोडायची, मग ती वाळू द्यायची. ओल्या लाकडाचा कणा घाटात टिकायचा नाही."

घाटात वाघांचं भय होतं, पायी जायची सोय नव्हती आणि पलीकडे जाणारी दुसरी गाडीही मिळेना. लाकूड वाळता वाळता हिवाळा गेला, होळी पेटून विझली. कासारीण रोज त्या लाकडावर हात फिरवायची, ते अजून ओलंच लागायचं. नवऱ्याला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं त्याला फार वाटायचं.

शेवटी नवा कणा बसला. कासाराने स्वतःच्या हाताने वंगण घातलं आणि बैलांच्या गळ्यातल्या माळा काढून टाकल्या. गाडी पुन्हा चालू लागली. चाकं इतकी हलकी फिरली, की घाटाचा चढ बैलांना जाणवलाही नाही. पण गाडीत कुणाला त्याचा आनंद नव्हता.

बहीण ओट्यावर बसली होती. चाहूल लागताच तिने मान वळवली, ती भलत्याच बाजूला. कासारीण काय ते समजली. ती जवळ जाऊन बसली आणि बहिणीच्या हातात एकेक बांगडी भरू लागली.

बहिणीने तिच्या तोंडावरून बोटं फिरवली. "किती वाळलीस गं. होळीच्या आधीपर्यंत मला थोडं थोडं दिसत होतं. रोज वाटेकडे बघत बसायचे. बांगड्या कुठल्या रंगाच्या आणल्यास?"

"मोरपंखी."

"छान असतील," बहीण म्हणाली.

कासार गाडीपाशीच उभा होता. पुढे जायचा त्याला धीर होईना. त्याने त्याच बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तू सांगितलं होतंस. तिनेही सांगितलं होतं. माझंच चुकलं रे."

बैल काहीच बोलला नाही. त्या दिवसापासून कुठलाच बैल माणसाशी बोललेला नाही.

म्हणून लहानांनाही सांगतो आणि मोठ्यांना तर आधी सांगतो: कुरकुर ऐकू आली की तिथेच उतरून बघावं, कारण मोडलेली गाडी पुन्हा चालू करता येते, हुकलेली वेळ नाही.